टाकी खाली हाय काय?

सहदेवच्या जीपमधला पेट्रोलचा काटा खोटारडा होता. बंद पडलेला काटा परवडतो, माणूस त्याच्याकडे बघायचंच सोडून देतो. हा हलायचा, डुलायचा, मनाला येईल तिथे थांबायचा आणि वर साळसूदासारखा चालवणाऱ्याकडे बघत राहायचा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण गाडी लढाईच्या काळातली, लष्कराने मोडीत काढलेली. तिच्यात वांगी-मिरच्यांची पोती टाकून सहदेव धामणगाव बढ्याहून मलकापूरच्या बाजाराला जाई.

दोन वर्षांमागे याच गाडीतून तो बायकोला, पुष्पाला, बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या. काटा अर्ध्यावर होता. राजूरच्या घाटात गाडी दोन आचके देऊन थांबली, आणि टाकीत काडी घालून पाहिली तर ती कोरडीच वर आली. बैलगाडी मिळेस्तोवर उन्हं उतरली. पुष्पा वाचली, लेकरू वाचलं नाही. काटा तेव्हाही अर्ध्यावरच होता, आणि सहदेवने त्या काचेवर हाणलेल्या बुक्कीची चीर अजून तिथे होती.

घरी आल्यावर शेजारची रुक्मिणीबाई भेटायला आली. बाई मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. दारातूनच म्हणाली, "काय नशीब व माय! लेकरू घ्याले गेली आन् खाली हातानं आली." त्या दिवसापासून पुष्पाने तो शब्द घरातून हद्दपार केला. वऱ्हाडात खाली म्हणजे जमिनीकडे, आणि खाली म्हणजे रिकामंही. यातला दुसरा अर्थ सहदेवच्या घरात कुणी उच्चारायचा नाही. बांगडी फुटली की वाढली म्हणतात, तसं तिच्या घरी पीठ संपलं की डबा वाढला, पाणी संपलं की माठ वाढला. सहदेव आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून गप्प बसला, आणि दोन वर्षांत त्यालाही तीच सवय लागली. टाकी तर तो वाढूच द्यायचा नाही. दहा कोस जायचं असो की दोन, तो तोंडापर्यंत भरून घ्यायचा. एवढा भ्यायला होता.

आता पुष्पाला आठवा लागला होता. बाळंतपणासाठी तिला माहेरी, वरवट बकालला पोचवायचं होतं. "काटा खरा बोलल्याबिगर मी त्या गाडीत पाय ठेवत नाही," तिने बजावलं. सहदेवने अकोल्याहून नवा तरंगा मागवला. टाकीच्या आत एका दांडीला पितळेचा पोकळ गोळा असतो. पेट्रोलवर तो तरंगतो, त्याच्यासोबत चढतो-उतरतो, आणि तारेतून वरच्या काट्याला सांगावा धाडतो. सहदेवच्या गाडीतल्या तरंग्याची दांडी आत कुठेतरी अडकून बसली होती.

सामानसुमान आणि पुष्पाला घेऊन तो सकाळीच मेहबूब मिस्त्रीकडे आला. तरंगा बसला की तसंच पुढे निघायचं होतं. गावाच्या कडेला मेहबूबचं घर, आणि घरासमोरच्या उतरत्या आवारात त्याचं काम चाले. सहदेवने जीप वरच्या अंगाला उभी केली. उताराच्या तळाला पत्र्याची शेड होती आणि तिच्यात कोळशाची शेगडी. पुष्पा आवाराच्या मधोमध निंबाखाली टाकलेल्या बाजेवर टेकली. मेहबूबची बायको शाहजादी तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

मेहबूब जन्मभर मालमोटारींवर राबलेला. जीपचं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. काट्यामागची तार चाचपत तो म्हणाला, "तरंगा बसवतो, पण टाकीजवळची तार सडेल हाय. तिथं डाक लावा लागते." डाक लावायची म्हणजे कथील वितळवून तार जोडायची, आणि त्यासाठी शेगडीत तांब्याची सळई लाल करून आणायची. मग त्याने मान वर न करताच विचारलं, "टाकी खाली हाय काय, सहदेवभाऊ?"

सहदेवला गंमत वाटली. एवढा मोठा मिस्त्री, आणि जीपची टाकी कुठं असते ते ठाऊक नाही! मालमोटारीला ती बाजूला लटकवलेली असते, जीपला चालवणाऱ्याच्या बुडाखाली. "हाव," तो म्हणाला, "खालीच हाय."

"बरं झालं इचारलं," मेहबूब म्हणाला. "तुम्ही जा बरं, चहा प्या. मालक डोक्याशी उभा असला की माहे हात चालत नाहीत."

सहदेव चौकातल्या उकंडरावांच्या हॉटेलात येऊन बसला. आज बरं वाटत होतं त्याला. चहा अर्धा झाला तेव्हा गाठोडं घेतलेला एक म्हातारा आत आला आणि कोपऱ्यातल्या बाकड्याकडे बोट करून म्हणाला, "हे खाली हाय काय?"

"हाव, खाली हाय. बसा," उकंडराव म्हणाले.

सहदेवने कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. बाकडं काही खाली पडलेलं नव्हतं, चांगलं चार पायांवर उभं होतं. ते खाली होतं म्हणजे त्यावर कुणी नव्हतं.

टाकी खाली हाय काय?

मेहबूबने टाकी कुठं आहे हे विचारलंच नव्हतं. आणि आपण हाव म्हणालो, वरून हसलो मनात. टाकी तर काल मलकापुरात गळ्यापर्यंत भरली होती. त्या टाकीजवळ मिस्त्री लाल सळई घेऊन येणार. बाजूला बाज, आणि बाजेवर पुष्पा.

कप कुठं ठेवला हे त्याला नंतर कधीही आठवलं नाही. तो पळत सुटला. उकंडराव मागून ओरडले, त्यालाही तो थांबला नाही. पायातली एक वहाण निघाली, दुसरी त्याने स्वतःच झटकली. बाजाराचा दिवस होता, वाटेत गाड्या, बैल, टोपल्या. समोर मेहबूबच्या घराच्या बाजूला धूर दिसला. कुणाच्या तरी चुलीचा असेल, त्याने स्वतःला सांगितलं, चुलीचाच असेल. घाटातली ती संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर आली. मागे पोत्यांवर पडलेली पुष्पा, आणि अर्ध्यावर थांबलेला काटा. देवा, तेव्हा काटा खोटं बोलला, आज मी बोललो. एकदा घेतलंस, आता दोघांना नेऊ नको. मला ने.

कुंपणाशी पोचून त्याने पाहिलं ते त्याला आधी कळेचना. मेहबूब टाकीपाशी नव्हताच. तो खाली शेडमध्ये शेगडीचा भाता हलवत होता. जीपपाशी शाहजादी उभी होती आणि टाकीच्या तोंडात घागरीने पाणी ओतत होती.

गोष्ट अशी होती की मेहबूब रिकाम्या टाकीला जास्त भ्यायचा. त्याचा उस्ताद खामगावला असाच गेला होता. टाकीत थेंब नव्हता, पण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली होती, आणि सळई नुसती जवळ नेल्याबरोबर टाकी बॉम्बसारखी फुटली. तेव्हापासून मेहबूबचा नेम होता की रिकाम्या टाकीजवळ विस्तव न्यायचा तर आधी ती पाण्याने काठोकाठ भरायची, वाफेला जागाच ठेवायची नाही. म्हणून तर त्याने विचारलं होतं. शाहजादीने पहिली घागर ओतली आणि टाकी भरून वाहू लागली. "भरली वो!" ती म्हणाली. "ओत आणखी," मेहबूबने शेडमधून सांगितलं, "वाहू दे. वाफ राह्यली नाही पायजे." नवऱ्याच्या कामात तोंड घालायची तिची रीत नव्हती. ती ओतत राहिली. पाणी जड, ते टाकीच्या तळाशी जात होतं, आणि पेट्रोल वर येऊन बाहेर सांडत होतं. वास आला असेल, पण त्या आवारात बारा महिने तोच वास.

जीपखालून एक ओघळ निघाला होता. उतारावरून वळणं घेत, पुष्पाच्या बाजेखालून जात तो शेडपर्यंत पोचत आला होता. उन्हात त्यावर निळे-जांभळे रंग चमकत होते. शेगडीत आणि त्याच्यात हातभर जमीन उरली असेल. पुष्पा नाकाला पदर लावून बसली होती.

सहदेव ओरडला, "खाली नाही! मिस्त्री, खाली नाही!"

भात्याच्या आवाजात मेहबूबने मान वर केली. "खाली नाही? मंग कुठं हाय?"

"खाली नाही बे!"

"अवो, मी पाह्यली ना, सीटच्या खालीच हाय!"

शाहजादीने गोंधळून हातातली घागर पूर्ण उपडी केली. ओघळ आणखी फुगला. दोन वर्षं ज्या शब्दाला त्याने घरात येऊ दिलं नव्हतं, तोच आता त्याच्या तोंडात ठाण मांडून बसला होता आणि दुसरा काही सुचू देत नव्हता. आणि मग एकदम, घसा फाटेल अशा आवाजात, ते बाहेर पडलं.

"भरेल हाय! टाकी भरेल हाय! पेट्रोल हाय ते!"

मेहबूबने पायाशी पाहिलं. मग त्याने जे केलं ते विचार करणारा माणूस करत नाही. त्याने पेटती शेगडी दोन्ही हातांनी काठाला धरून उचलली आणि शेडच्या मागल्या बाजूने नाल्याकडे धावला. धावताना एक निखारा उडून मागे पडला, ओल्या मातीपासून वीतभर अंतरावर. सहदेव बाजेपाशी पोचला होता. त्याने तो पाहिला आणि डोळे मिटून पुष्पाला पोटाशी धरलं. दुसरं काही करायला वेळच नव्हता.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा शाहजादी गुडघ्यांवर बसली होती. हातातली घागर तिने त्या निखाऱ्यावर उपडी घातली होती आणि दोन्ही हातांनी ती दाबून धरली होती, जणू आतून काही उसळून येणार होतं.

मेहबूब नाल्यातून परत आला तो तळहात पुढे धरून. ते पांढरे पडले होते आणि फुगायला लागले होते. शाहजादीने रडत रडत कोरफडीचा गर लावला. सहदेवने ओघळावर माती लोटली.

"इचारलं होतं मी तुमाले," मेहबूब शेवटी म्हणाला. रागाने नाही, रडवेलाच म्हणाला. "तुमी हाव म्हनलं."

सहदेवने सांगितलं. घरातला तो नेम, रुक्मिणीबाई, घाट, सगळं. सांगताना पुष्पाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. मेहबूब ऐकत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "आता पानी गेलं आत. टाकी पुरी..." आणि थांबला. पुष्पाकडे पाहिलं, खाली पाहिलं. "टाकी पुरी वाढवा लागते," तो चाचरत म्हणाला.

पुष्पा पोटावर हात ठेवून बसली होती. मघापासून ती तशीच होती, आणि सहदेवला त्याचंच सगळ्यात जास्त भय वाटत होतं. तिने हात हलवून दुसरीकडे ठेवला. थांबली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सुटला.

"हलून राह्यलं," ती म्हणाली. "लाथा मारून राह्यलं." आणि मग मेहबूबकडे वळून, "चाचा, खाली करा म्हना. मले भिऊ नका. त्या एका शब्दाले मी भेली, तुमाले सगळ्याईले भेववलं, आन् त्याच्यापायी आज चार जीव जात होते."

"पाच," शाहजादी डोळे पुसत म्हणाली.

आवार दुपारभर सुकू दिलं. मग मेहबूब बाजेवर बसून सांगत गेला आणि सहदेवने त्याचे हात होऊन काम केलं. तार डाक न लावता नुसती पिळून घट्ट बांधली, कारण विस्तव आता त्या आवारात कुणालाच नको होता. पाच स्क्रू काढले, जुना तरंगा उपसला, नवा बसवला. पुष्पा येऊन पुढच्या सीटवर बसली. तिने स्वतःहून पाय ठेवला होता. सहदेवने काट्याचं बटण दाबलं. काटा उठला आणि शेवटपर्यंत गेला. मग त्याने टाकीच्या तळाचं बूच काढलं, आणि पाणी-पेट्रोल डब्यात पडू लागलं.

काटा हळूहळू उतरू लागला. पाऊण झाला. अर्ध्यावर आला तेव्हा पुष्पाने सहदेवचं मनगट पकडलं. इथेच, याच चिरेपाशी, तो त्या दिवशी थांबला होता. आज थांबला नाही. पाव झाला, आणि शेवटी टोकाला जाऊन टेकला. बाहेर डब्यात पडणारी धारही तुटली.

पुष्पा त्या काट्याकडे बघत राहिली. नजर चुकवली नाही. तिची नखं सहदेवच्या मनगटात रुतली होती.

"खाली हाय," ती मोठ्याने म्हणाली. "आता भरा."