भिंतीचे अश्रू

कृष्णेतल्या बेटावर जायला लोकांची इतकी झुंबड, की नावाडी मेटाकुटीला आलेला. बेटावरच्या जुन्या मशिदीची भिंत म्हणे रडत होती. तीन कमानी, वर एक घुमट, एवढीशी आदिलशाही वास्तू. किती पूर सोसले, पण कधी रडली नाही. आता मात्र अश्रूबाबा नावाचा कुणी उपटसुंभ ते पाणी कापसानं टिपून लोकांच्या डोळ्यांत पिळत होता. चष्मा जाईल, मोतीबिंदू जाईल, नशिबात असेल तर गेलेली नजरही येईल, असं त्याचं अखंड चाललेलं. मशिदीची देखभाल करणाऱ्या दस्तगीरभाईंनी अडवलं, तर गर्दीच त्यांच्या अंगावर गेली.

राजेश्वरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत विज्ञान शिकवणारी ती, आणि तिचीच सासू बनुबाई छोट्या नातीला, साक्षीला, घेऊन रांगेत उभी. त्या पाण्यानं पोरीचा डोळा आधीच सुजला होता. पुन्हा घातलं तर डोळा हातचा जाईल, असं इस्लामपूरच्या डॉक्टरांनी बजावलेलं. सासू ऐकेना.

राजेश्वरीनं भिंत चाचपली. महापुरानंतर गावानंच भक्तिभावानं कमरेपर्यंत सिमेंट थापलेलं, आणि पाणी नेमकं त्याच्या वरच्या कडेतून पाझरत होतं. मागच्या भिंतीला सिमेंट पुरलं नव्हतं, तिथला जुना चुना खडखडीत कोरडा. भिंतीच्या पायातून चढलेली ओल पूर्वी चुन्यातून वाळून जायची. गावानं ती वाटच बुजवली होती.

हे सांगितलं तर कोण ऐकणार? तिनं रांगेतल्या शेजारणीच्या पूजेच्या ताटातली हळद तळहातावर घेतली आणि बाबाचा कापूस तिच्यावर पिळला. हळद लाल झाली.

"रक्ताचे अश्रू," बाबा ओरडला. लोकांनी हात जोडले. राजेश्वरीला वाटलं, संपलं सगळं, आपणच त्याच्या हातात कोलीत दिलं.

बनुबाई मात्र त्या तळहाताकडे बघतच राहिली. जन्मभर पान खाणारी बाई. तिनं चंचीतला चुना काढून ताटातल्या कोरड्या हळदीत कालवला. तोच लाल रंग.

"आरं, ह्यो चुना हाय. माज्या नातीच्या डोळ्यात चुना घालत हुतास व्हय रं?"

"सिमेंटातला चुना, आत्या," राजेश्वरी सासूला म्हणाली.

बाबा देवाची परीक्षा की काय पुटपुटत मागं सरकला. त्याला धरायला माणसं धावली. बनुबाईनं तिकडं बघितलंही नाही. साक्षीला उचलून ती नावेत बसली आणि दवाखाना येईपर्यंत रडत होती.

डोळा वाचला, पण त्यावर बारीक डाग राहिला तो राहिलाच. गावानं सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, भिंत सुकली. आता बनुबाईला कुणी अंगारा दिला की ती विचारते, "ह्यात काय हाय, त्ये आदी सांगा." लोकहो, तुम्हीही तेवढं तरी विचारा, आणि लेकराला काही व्हायच्या आधी विचारा.