लिफाफ्यातलं एक्केचाळिसावं पान

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो ते तशी पद्धत आहे म्हणून. विश्वास ठेवला असं समजू नका. मी एक जुना खाकी लिफाफा आहे, आणि माझं तोंड साडेतीन वर्षं बंद होतं. ज्याला तोंड बंद ठेवायलाच जन्माला घातलंय, तो कोणावर विश्वास ठेवत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी साधा होतो. जाड कागद, आतून पातळ कापडाचं अस्तर, वर चिकटवायची पट्टी. नारायणगावच्या स्टेशनरीच्या दुकानात आम्ही पन्नास जण एका रबरात होतो. बाकीच्यांनी सातबारे वाहिले, शाळेचे दाखले वाहिले, एकाने म्हणे घटस्फोटाची नोटीस नेली. सगळे कधीतरी फाटले आणि सुटले. मी हर्षालीच्या हाती लागलो.

तिने माझ्या पट्टीवरून बोट फिरवलं, अस्तर ओढून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "हा न फाडता उघडता येतो का?"

"उघडायला घेतीस का बंद करायला?"

"बंद करायला."

"मग उघडायची काळजी तू कशाला करतीस?"

ती हसली नाही. दुसरं कोणी उघडेल, हीच तिला काळजी होती.

हर्षाली खोडदची. घरात दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं होती, आता कांदा आणि टोमॅटो. ती एका रोपवाटिकेत ट्रे भरायला जायची, एका भोकात एक बी. घरी आली की मोबाइलवर सिनेमा लावायची, अर्ध्या मिनिटाला थांबवायची आणि वहीत लिहायची: आता कोण बोललं, कोण गप्प राहिलं, दार कोणी उघडलं. पटकथा लिहायला तिला कोणी शिकवलं नाही. असे सत्तर-ऐंशी सिनेमे तिने तुकडे तुकडे करून पाहिले आणि स्वतःच शिकली.

एकदा मात्र ती शिकायला गेली होती. पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा होती. सर म्हणाले, प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगा, मन मोकळं करा. हिने मन मोकळं केलं. आठ महिन्यांनी सरांचा लघुपट आला. त्यात हिची विहीर होती, हिची म्हातारी होती आणि म्हातारीच्या हातातली तांब्याची कळशीसुद्धा हिचीच होती. नाव कुठेच नव्हतं. हिने फोन केला तर सर म्हणाले, गोष्टी हवेत असतात, त्यावर कोणाची मालकी नसते.

हवेत म्हणे. खेड्यातल्या पोरीची गोष्ट म्हणजे बांधावरची बोरं. येईल त्याने खिसा भरावा आणि वर म्हणावं, झाड रानातच होतं.

त्या कार्यशाळेतून तिच्याबरोबर एक युक्ती मात्र आली होती. कोणीतरी सांगितलं होतं की लिहिलेलं लिफाफ्यात घालायचं, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर करायचं आणि आलं की उघडायचं नाही. पोस्टाचा शिक्का तारखेची साक्ष देतो. मुंबईत लेखकांच्या संघटनेत रीतसर नोंदणी होते हेही तिला ठाऊक होतं. पण फॉर्म भरला की गोष्ट त्यांच्या कम्प्युटरात गेली, आणि तो कम्प्युटर कोण उघडतो ते कोणी सांगावं?

म्हणून साठ पानं माझ्या पोटात गेली. पट्टी चिकटवली, तिच्यावरून आडवी सही केली, सहीवरून टेप लावली. नारायणगावच्या पोस्टात माझ्यावर शिक्का बसला आणि तिसऱ्या दिवशी मी जिथून निघालो तिथेच परत आलो.

पोस्टमन सोपानभाऊ दारात उभे राहिले. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं.

"पाठवणारी हर्षाली, घेणारी हर्षाली. पोरी, घरात बोलायला कोणी न्हाई का?"

"सही कुठे करू?"

"दोन्हीकडं तूच हायेस. कुठंबी कर."

मग मी पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली राहायला गेलो. आठवड्यातून एकदा ती मला बाहेर काढायची, चारी कोपरे तपासायची, टेप उन्हात धरून बघायची. एकदा उंदराने माझा कान कुरतडला. तिने थेट भावाला धरलं. गोरख म्हणाला, "ताई, मला तुझी गोष्ट चोरायची असती तर कोपरा खाल्ला असता का?" तिने त्यानंतर पेटीला कुलूप लावलं. मला ते आवडलं. मीही उंदराबद्दल पूर्ण खात्री देत नाही.

आता माझ्या पोटात काय होतं ते सांगतो. सगळं नाही.

गावात गजराबाई आहेत, हर्षालीच्या भावकीतल्या, चुलत आजी. पन्नास वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन ही माणसं कोकणात उतरायची आणि पाऊस पडायच्या आधी नाणेघाट चढून वर यायची. एका वर्षी परतीच्या वाटेवर, घाटाखाली, विशीतल्या गजराबाईंना ताप चढला. तळ हलायचा होता. माणूस थांबतं, मेंढरू थांबत नाही. सगळे पुढे गेले, नवरा यमाजी मागे थांबला. दोन दिवसांनी तो एकटाच आला आणि म्हणाला, गेली, माती देऊन आलो. गजराबाई मेल्या नव्हत्या. एका वाडीतल्या लोकांनी त्यांना पेज पाजून उठवलं. एक लंगडी मेंढी पुढे घालून त्या घाट चढल्या आणि तळावर पोचल्या तेव्हा पंगत बसली होती. त्यांच्याच तेराव्याची. त्या काही बोलल्या नाहीत. पंगतीत बसल्या आणि जेवल्या.

ही गोष्ट खोडदला सगळ्यांना माहीत आहे. गाव म्हणतं, तापात निपचित पडली, यमाजीला वाटलं मेली, बिचारा घाबरून माती द्यायचं दुसऱ्यांवर सोपवून आला. गजराबाईंनीही पन्नास वर्षं तेच सांगितलं. पण एकदा लसूण सोलताना, खोलीत दोघीच असताना, त्या सकाळी खरं काय झालं ते त्यांनी हर्षालीला सांगितलं. ते एक्केचाळिसाव्या पानावर होतं.

सिनेमाच्या धंद्यात हर्षालीने एक नियम केला होता. पहिल्या चाळीस पानांची नक्कल तिने बाहेर ठेवली होती, ती वाचायला द्यायची, पुढची पानं सही झाल्यावर. चार-पाच जणांनी वाचली आणि परत केली. मंचरचा आदेश नावाचा तरुण दिग्दर्शक मात्र घरी आला. स्वतःची गाडी विकून सिनेमा करायला निघालेला माणूस. मी पेटीत होतो, ऐकलं सगळं.

"ताई, गोष्ट लई भारी आहे. पुढची द्या."

"आधी सही."

"अर्धी पोरगी बघून लग्न कसं ठरवू?"

"पावणं, तुम्ही स्थळ बघायला आलात का पळवायला, ते मला कुठं माहीत?"

त्याने चहा संपवला, चाळीस पानं टेबलावर ठेवली आणि गेला. तिने ती मोजून घेतली.

पुढे वर्षभर कोणी आलं नाही. मी पेटीत पडून. मित्रांनो, जपणं आणि विसरणं यांत फार फरक नसतो, दोन्हीकडे अंधार सारखाच. कोणी चोरू नये म्हणून तिने मला इतकं जपलं की कोणी वाचूही शकलं नाही.

मग एका दुपारी गोरख धावत आला. "ताई, माळावर शूटिंग चाललंय. मच्छिंद्राची मेंढरं भाड्यानं नेलीत. पंगत बसवलीय. आदेशच आहे तो."

कुलूप उघडलं. तिने मला छातीशी धरलं आणि आधी सोपानभाऊंना गाठलं, शिक्क्याची साक्ष द्यायला. म्हातारा बिचारा टपालाची पिशवी खांद्यावर तशीच घेऊन आला.

माळावर पत्रावळी मांडल्या होत्या. कॅमेरावाला वैतागला होता, कारण पन्नास वर्षांपूर्वीचा काळ दाखवायचा आणि कुठूनही बघितलं तरी मागे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या येत होत्या. आणि छत्रीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत, गजराबाई बसल्या होत्या. नटीला शिकवत होत्या.

"अशी न्हाई जेवायची, बाय. उपाशी माणूस आपला घास बघत न्हाई. शेजारच्याचं ताट बघतो."

हर्षाली थेट आदेशसमोर उभी राहिली. "ही माझी गोष्ट आहे."

"तुमच्या पानांतली एक ओळ घेतलेली नाही," तो म्हणाला. "तुम्ही शेवट दिला नाहीत. मग जिच्या अंगावर घडलं तिलाच विचारलं. खोडदला येऊन घाटाखाली मागं राहिलेली बाई कोण म्हटलं की घर दाखवतात."

"चाळीस पानं वाचल्याशिवाय खोडदला आला असतात का?"

त्यावर तो कॅमेऱ्याकडे वळला. म्हणून सांगतो, तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

"ह्यात सगळं आहे, तारखेसकट," हर्षालीने मला वर धरलं. "सोपानभाऊ, शिक्का बघा."

"शिक्का आपलाच हाय," सोपानभाऊ चष्मा वर करून म्हणाले. "फोड."

तिचा हात थांबला. बंद होतो तोवर मी पुरावा होतो. फाटल्यावर नुसता कागद. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब घटका. मग टेप चरचरली आणि साडेतीन वर्षांनी माझ्या पोटात वारा शिरला.

ती घाईने पंगतीचं पान शोधू लागली. गजराबाई म्हणाल्या, "मधूनच का? पयल्यापासून वाच. माजीच हाय ना?"

सगळे बसले. आदेश उतरत्या उन्हाकडे बघत होता, पण शूटिंग थांबवून बसला. हर्षाली वाचत गेली. सोपानभाऊ मधे मधे मान हलवत होते. मेंढरं चरत होती. चाळीस पानं झाली. मग तिने पान उलटलं आणि पुढे वाचायला लागली.

"थांब," गजराबाई म्हणाल्या. "दोन गेली एकदम."

"काय आज्जी?"

"दोन पानं एकदम गेली. जल्मभर वाघरीच्या तोंडाशी बसून मेंढरं मोजली मी. एक गेलं का दोन गेली, ते मला कळतं. मधलं वाच."

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, मित्रांनो. सकाळी तिचं तोंड उघडलं की मेंढरं उड्या मारत सुटतात आणि मोजणाऱ्याची नजर हलत नाही. या बाईला अक्षर येत नव्हतं. पण तिच्यासमोर पान लपवता येत नव्हतं.

"ते नाही वाचत," हर्षाली हळू म्हणाली. "एवढ्या लोकांत नको."

"वाचायला लाजतीस, त्ये लिवलंस कशाला?"

हर्षाली उठली, खुर्चीजवळ बसली आणि ते पान त्यांच्या कानात वाचलं. मी तिच्या मांडीवर होतो, मी ऐकलं. यमाजीला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या पंगतीनंतर दोघांनी चाळीस वर्षं संसार केला. त्याच्या शेवटच्या आजारात बाईंनीच त्याचं सगळं केलं. एवढं सांगितलं, बस झालं.

गजराबाईंनी हात पुढे केला. पान घेतलं, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचलं.

"आमच्यात चुकून दुसऱ्याचं मेंढरू कळपात आलं, तर खूण बघून परत देत्यात," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर खूण माजी हाय. ह्ये मी तुला सांगितलं व्हतं, लिवायला न्हाई. बाकीचं तुज्या मेहनतीचं. त्ये तू ठेव."

ज्या पोरीने आपली विहीर आणि कळशी चोरणाऱ्याला साडेतीन वर्षं शिव्या घातल्या, ती मान खाली घालून बसली. मलाही तोंड लपवावंसं वाटलं, पण ते नुकतंच फाटलं होतं.

थोड्या वेळाने आदेशनेच विचारलं, "पुढची वाचू का? इथंच, तुमच्यासमोर."

तिने बेचाळीसपासून साठपर्यंतची पानं दिली. त्याने उभ्याउभ्या वाचली. मग नटीकडे बघितलं, पत्रावळींकडे बघितलं. "पंगत तुमची बरी आहे," तो नाराजीने म्हणाला. "आमची फार बडबडी झाली. पण त्या एका पानाशिवाय ती बाई गप्प का, हे लोकांना कसं कळणार?"

"नाही कळणार," हर्षाली म्हणाली. "तिला जेवू द्या नुसतं. यमाजीला वाढायला लावा."

त्याने पानं परत जुळवली. मग म्हणाला, "सही कुठं करू?"

दुसरा कागद नव्हता. मी होतो. माझ्या पाठीवर हर्षालीने लिहिलं: गोष्ट गजराबाईंची, पटकथा हर्षालीची. खाली त्याची सही. गजराबाई म्हणाल्या, "माजा आंगठाबी लाव." सोपानभाऊंनी पिशवीतून शाईची डबी काढली. निळा अंगठा अजून माझ्या अंगावर आहे, जरा पसरलेला.

सिनेमा अजून आलेला नाही. येईल तेव्हा तिथे दोघींची नावं असतील का? मला संशय आहे. सही करणारे हात मी पाहिलेत, सही विसरणारेही असतातच. हर्षालीने आता मुंबईला रीतसर नोंदणी केली, तेही बरंच केलं. पण नवी गोष्ट सुचली की ती आधी जिची असेल तिच्या ओट्यावर जाऊन बसते आणि विचारते, हे लिहू का? दोन जणी नाही म्हणाल्या. ती निमूट उठून आली.

तेव्हा मित्रांनो, आपलं लिहिलेलं जपा, पण माझ्यासारखं कोंडून नको. चोर ओळखायला जरूर शिका. फक्त चोर चोर म्हणून ओरडण्याआधी आपला कळप एकदा मोजून घ्या. त्यात दुसऱ्याच्या खुणेचं मेंढरू असेल तर आधी ते पोचवून या.

माझ्या पोटात आता एकोणसाठ पानं आहेत. राहिलेल्या पानावर काय आहे ते मला पाठ आहे. तुम्ही कितीही गोड बोललात तरी सांगणार नाही.