सावेरिओची चौथी निवडणूक

गावच्या महापौरपदाच्या निवडणुकीत सावेरिओ तीनदा पडला. तिन्ही वेळा पोस्टरं चिकटवायची खळ त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सेराफिनाच्या चुलीवर शिजली. दहा-पंधरा माणसं तिच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसायची, घेवड्याचं कालवण ओरपायची, 'नदीतली खडीची खाण बंद करू' म्हणायची आणि हरायची. सेराफिनाला ना नवरा ना मूल. तेवढाच काय तो तिचा गोतावळा.

चौथ्या वेळी तिनं पीठ आणून ठेवलं, पण कुणी फिरकलंच नाही. सावेरिओ मात्र भिंतीभिंतीवर झळकत होता. चौकात बँड, अख्ख्या गावाला जेवण. कुणाच्या घरी किती मतं, हे दारात उभं राहून विचारणारी माणसंही होती.

"सावे, हा खर्च कोण करतंय?"

"डॉन मोम्मो."

बंदरात कोकेन उतरवणारा हाच मोम्मो. खाणही त्याचीच.

"अरे, त्याच्याच विरुद्ध तर लढत होतास ना!"

"सेराफी, तीनदा घेवडा खाऊन हरलो. आता एकदा जिंकू दे की!"

तो जिंकला. पालिकेच्या पहिल्याच सभेत खाणीला वीस वर्षांची मुदतवाढ मिळाली. मागच्या बाकावरून सेराफिना उठली.

"महापौरसाहेब, तीन निवडणुका जे बोललात, त्याचं काय झालं?"

सावेरिओनं कागदातून मान वर केली नाही.

"बाई, प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही."

ते 'बाई' तिला कुठंतरी आत लागलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला म्हणाला, "पाव संपला." त्याच्यामागं फळीवर पाव वाफाळत होते. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. आठवड्यानं सावेरिओचा फोन आला.

"सेराफी, पोराच्या बारशाला येऊ नकोस. ती माणसं असणार."

"भितोस त्यांना?"

त्यानं फोन ठेवून दिला.

बारशाच्या दिवशी चर्चच्या घंटा वाजल्या. सेराफिनानं खिडकी लावून घेतली, एकटीपुरतं पान वाढलं, आणि तसंच झाकून ठेवलं.

तरी ती दर महिन्याला सभेला जाते. ठराव वाचला जातो, सगळे हात वर होतात.

"विरोधात?" सावेरिओ रीत म्हणून विचारतो.

मागच्या रिकाम्या बाकांमधून सेराफिना हात वर करते. प्रेक्षकाला मत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. कारकून 'एकमताने मंजूर' असं लिहितो आणि पुढचा कागद घेतो.