सोळावी पायरी

“हात लावलात की तुमचं नाव लागेल. काम झालं की पाठवा, सोडा, आणि मगच खुर्चीतून उठा.”

बाईंचं हे सांगणं माझ्या जन्माच्याही आधीचं. त्यांचा आवाज इतका हळू, की वर्गातला पंखा बंद करावा लागे. पण कान टवकारून ऐकलेलं लवकर विसरत नाही म्हणतात. मी तर अजूनही विसरलेलो नाही.

मी एक जुना जिना आहे. हसू नका, मित्रांनो. परवा संध्याकाळी माझा शेवटचा स्क्रू आवळला, माझ्या लाकडी पायऱ्यांचं पॉलिश अजून हाताला वास देतं, हे खरं. मला बसवणारे कारागीर सोडले, तर माझ्यावर एकही पाऊल पडलेलं नाही, हेही खरं. तरी मी जुना आहे. सात महिने मी घडलो, मोडलो, पुन्हा घडलो. माझ्या तीनशे बारा आवृत्त्या झाल्या. तेवढे तर तुमचे मापाचे कपडेही बदलले नसतील!

माझा जन्म वास्तुकलेच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत झाला. तिथे चित्रं काढायची तिरकी टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप घसरू नये म्हणून पुस्तक टेकवून ठेवलेला असे. बाई मुलांना एकत्र काम करायला शिकवत होत्या. एकच इमारत, पण ती सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी उघडलेली. कुणी भिंती करायचं, कुणी खिडक्या, कुणी मजले. ज्याने जो भाग हातात घेतला, त्यावर त्याचं नाव लागे, आणि मग दुसऱ्या कुणाला त्याला बोटही लावता येत नसे. नवं काम ‘पाठवलं’ की ते सगळ्यांना दिसे. भाग ‘सोडला’ की तो पुन्हा सगळ्यांचा होई.

“घेतला वसा टाकू नये, ते वेगळं,” बाई म्हणायच्या. “इथे घेतलेला जिना रोज संध्याकाळी सोडायचा. हाच आपला नेम.”

मुलांनी आपल्याच वाचनालयाचं काम घेतलं होतं. वाचनालयात पुस्तकांचा एक माळा होता आणि तिथे जायला एक उभी लोखंडी शिडी. त्या माळ्याच्या जागी नीट मजला करायचा आणि शिडीच्या जागी जिना. तो जिना म्हणजे मी. आणि हे सगळं कागदावर राहायचं नव्हतं, खरोखर बांधायचं होतं.

मला हातात घेतलं टाचणीने. अंगाने टाचणीसारखी, आणि बोलणंही तसंच टोचरं, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिने मला किती छळलं म्हणून सांगू! सोमवारी मी गोल, मंगळवारी सरळ, बुधवारी डावीकडे वळलेलो. जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच पायऱ्या पुसल्या जायच्या. मला वाटे, हिला आपण आवडतच नाही. मग एक दिवस ती मापपट्टी घेऊन खाली वाचनालयात गेली आणि मला कारण कळलं.

वाचनालय सांभाळणाऱ्या मावशींचा उजवा गुडघा चार वर्षांपासून दुखत होता. चार वर्षांत त्या माळ्यावर गेल्या नव्हत्या. कुणी वरचं पुस्तक मागितलं की त्या कुणाला तरी शिडीवर चढवत आणि स्वतः खालून मान वर करून बघत उभ्या राहत. “डावीकडे रे! तिसऱ्या फळीवर! निळ्या पुठ्ठ्याचं!” आणि वरून भलतंच पुस्तक येई.

टाचणीने त्यांना लॅपटॉपवर मला दाखवलं. “मावशी, हा तुमचा जिना. सध्या क्लाउडवर आहे.”

“म्हणजे कुठे?”

“ढगात म्हणा.”

“ढगात जिना? नको गं बाई! मला इतक्यात वर जायचं नाही!” मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “माझे चारच महिने राहिलेत इथले. तेवढ्यात होतोय का तुझा जिना?”

“तुम्ही निवृत्त व्हायच्या आधी तुम्हाला वर नेते. गुडघ्याला कळणारसुद्धा नाही. शब्द.”

“मग वरचं पहिलं पुस्तक मीच नेऊन ठेवीन. माझाही शब्द.”

तेव्हापासून माझ्या सोळा पायऱ्या ठरल्या. प्रत्येकीची उंची पंधरा सेंटिमीटर, मध्ये टेकायला एक रुंद पायरी. शांतपणे, एकसारख्या, जपाच्या मण्यांसारख्या. मला वाटलं, संपली आपली वणवण.

पण मित्रांनो, एका शुक्रवारी दुपारी टाचणीचा फोन वाजला. तिच्या ताईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं. टाचणीने लॅपटॉप मिटला, पिशवीत कोंबला आणि ती धावली. तिने पाठवलं नाही. सोडलं नाही. माझ्यावर तिचं नाव तसंच राहिलं.

आणि त्याच दुपारी लंबूने मजला उचलला.

लंबू मजले आणि तुळया करत होता. त्याची एक तुळई खालच्या दाराच्या डोक्यावर येत होती, दार उघडेना. म्हणून त्याने अख्खा मजला वर घेतला आणि खाली टिपण लिहिलं : ‘मजला थोडा वर घेतला आहे.’ माझ्यावर टाचणीच्या नावाचं कुलूप असल्यामुळे मी होतो तिथेच राहिलो. माझी सोळावी पायरी आता मजल्यापर्यंत पोचत नव्हती. पंधरा पायऱ्या पंधराच्या, आणि शेवटची तेवीस सेंटिमीटरची.

वरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. मला मात्र कळत होतं. पाय सवयीवर चालतो. पंधरा वेळा एकाच उंचीवर उचलला की सोळाव्यांदा तो विचारत नाही. आणि तिथेच अडखळतो. मला मावशींचा गुडघा दिसत होता, त्यांच्या हातातली पुस्तकं दिसत होती. पण पडद्यावरच्या जिन्याला तोंड कुठे असतं? शनिवार गेला. रविवार गेला. मी नुसता तळमळत राहिलो.

सोमवारी लोखंडी काम करणारे काका नकाशा न्यायला आले. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि एकेका पायरीवर बोट ठेवत वर गेले. बोट सोळाव्या पायरीवर थांबलं.

“बाई, ही वरची पायरी मोठी का हो?”

खोलीतला पंखा बंद नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. लंबूचे कान लाल झाले. “मीच उचलला मजला. थोडाच.”

“थोडा म्हणजे किती?” बाईंनी विचारलं.

“आठ सेंटिमीटर.”

“लंबूसाहेब, तुमच्या पायांना ते थोडंच,” काका म्हणाले. “आमच्यासारख्यांचे दात पडतील.”

लंबूने मला दुरुस्त करायला हात घातला, तर टाचणीचं नाव आडवं आलं. “बाई, तुम्हाला अधिकार आहे ना? काढून घ्या तिच्याकडून.”

“घेता येईल. पण तिने न पाठवलेलं सगळं पुसलं जाईल. तुला माहीत आहे का ते काय आहे?”

लंबूला माहीत नव्हतं. काकांनी घड्याळ पाहिलं. आज नकाशा मिळाला नाही तर ते दुसरं काम धरणार होते, मग माझी पाळी दीड महिन्याने. मावशींचा मात्र एकच महिना उरला होता.

“दोन तास थांबाल?” बाईंनी काकांना हळूच विचारलं. काका चहाच्या बोलीवर थांबले.

लंबूने टाचणीला फोन लावून सगळं सांगितलं.

“लंब्या, थोडा म्हणजे किती ते लिहिता येत नाही तुला?”

“आणि तुला सोडून जाता येत नाही?”

 मग टाचणी म्हणाली, “चुकलंच माझं. काढून घेऊ नका रे. मावशींसाठी खालचा कठडा केलाय, डाव्या हाताला. त्यांच्या मनगटाच्या उंचीचं माप घेऊन केलाय. इथे नेट नाही, गच्चीवर जाते. आणि ऐक, ताईला मुलगी झाली.”

ते दोन तास माझ्या तीनशे बारा आवृत्त्यांहून लांब होते. नाव लागलेलंच. काका तिसरा चहा घेत होते. लंबू उठत होता, बसत होता. मग एकाएकी माझ्या डाव्या अंगाला एक बारीक, बुटका, गुळगुळीत कठडा फुटला. आणि माझ्यावरचं नाव गेलं. मोकळा झालो!

“आता?” लंबू म्हणाला. “मजला खाली घेतला तर दार अडतं. आठ सेंटिमीटर घालू कुठे?”

“सोळा जणी आहेत की,” काका बशी खाली ठेवत म्हणाले. “वाटा.”

फोनवर टाचणी, इथे लंबू. प्रत्येक पायरीने अर्धा सेंटिमीटर घेतला. साडेपंधरा, साडेपंधरा, साडेपंधरा, अगदी वरपर्यंत. एकीच्या डोक्यावर होतं तेव्हा ते पाडणारं होतं. सोळा जणींनी उचललं तर कुणाला जडही वाटलं नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जे हातात घ्याल, ते जपा. पण उठताना ते सोडून उठा, आणि काय केलंत ते मोजून सांगा. तुमच्या ‘थोड्या’वर कुणाचा तरी पाय पडणार असतो.

आज मावशींचा कामाचा शेवटचा दिवस. अकरा वाजता सगळे जमणार आहेत. टाचणी भाचीचे फोटो आणणार आहे म्हणे, आणि लंबू मापपट्टी. पण आता कुठे आठ वाजताहेत. वाचनालयाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मावशी एकट्याच आहेत. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खुर्चीच्या पाठीवर पिशवी अडकवली. खालच्या कपाटातून निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं, पदराने पुसलं आणि उजव्या हाताने छातीशी धरलं.

त्या माझ्यापाशी आल्या. वर बघितलं. डावा हात खालच्या कठड्यावर ठेवला. तो बरोबर मनगटाशी आला.

मावशींनी पाय उचलला.