खिडकीपाशी तापलेली

मी रायफल बोलतेय, आणि माझं कुणी खरं मानलं नाही, हे आधी सांगते. माझ्याबरोबरच्या दोघी सरावात फुटल्या. साहेब म्हणाले, काडतूस वाईट. मग म्हणाले, शिपायानं ग्रीस जास्त लावलं. आम्हीच ठिसूळ आहोत, असं मी आतून ओरडत होते. बंदुकीचं ऐकतो कोण?

नळी बदलते, लाकूड बदलतं. ज्यात गोळी बसते आणि खिट्टी सरकते, तो मधला पोलादी भाग म्हणजे खरी मी. मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात भट्टीवर ओनेसिम होता. उष्णता मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं. पोलादाची लाली बघायची आणि बाहेर ओढायचं. डोळे बारीक करून तो माझ्याकडे बघत राहिला. तसं पुन्हा कुणी बघितलं नाही.

फौजेनं मला निकालात काढलं, तेव्हा त्याच्या मुलानं, आर्मांडनं, बापाच्या हातची म्हणून मला विकत घेतलं. चाळीस वर्षं भिंतीवर होते. गेल्या आठवड्यात तो गेला. माझ्या कबरीवर हिचा एक बार काढ, असं मुलीला, दार्लीनला, सांगून गेला.

म्हणून दार्लीननं मला चर्चच्या हॉलमध्ये, जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या टेबलावर तपासून घ्यायला आणून आपटलं.

टेबलामागच्या वेंडेलनं माझ्यावरचा नंबर वाचला, फुटणाऱ्या जुन्या बंदुकांमधलाच तो, आणि हातातला डोनट खाली ठेवला. "ही उडवायची नाही."

"उद्या बापाला पुरायचंय. शब्द दिलाय मी."

"मग दोन खड्डे खणायला सांग."

त्याच्या शेजारचा म्हातारा ल्युशियन समजुतीनं म्हणाला, "पोरी, तेव्हा सगळा डोळ्यांचा कारभार. ढगाळ दिवशी ठीक. ऊन आत आलं की लाल पोलादही काळपट दिसतं. माणसाला वाटतं, अजून तापायचंय. तेवढ्यात ते जळून ठिसूळ होतं."

"माझ्या आजोबांचा डोळा होता तो," दार्लीन खेकसली. "घड्याळ चुकेल, ते नाही. म्हणून तर त्यांना सगळ्यात चांगली जागा दिली होती."

"कुठली?"

"खिडकीजवळची."

ल्युशियननं आपली कॉफी तिच्यापुढे सरकवली.

खरं होतं ते. त्या दिवशी ऊन त्याच्या मिशीवर पडलं होतं, तो काहीतरी गुणगुणत होता. मला अजून तेच हवंय. तो समोर असावा आणि मी तापत राहावं, जळले तरी चालेल. आता भिंतीवर टांगाल, तर उन्हासमोर टांगा. एवढंच मागते.

अशा बंदुकीला ही मंडळी चिठ्ठी बांधतात. वेंडेलनं लिहिलं, 'उडवू नये', आणि विचारलं, "दोष कुणाचा लिहू? कारखान्याचा?"

दार्लीननं पेन ओढून घेतलं. अक्षर वेडंवाकडं, पण ठसठशीत लिहिलं: ओनेसिम थिबोदो.