एका घरात दोन लता

"डोळ्यांत साबण गेला!" वेरेनाआजी ओरडली.

"जाणारच. मान हलवू नका म्हटलं होतं ना?"

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या वृद्धाश्रमात आजीचं डोकं धुणं माझ्याकडे असतं. दुसरी कोणी गेली की ती दार लावून घेते. मूळची स्वित्झर्लंडची, आणि हट्टी तर इतकी, की तिच्यापुढे माझ्या सासूबाई बऱ्या म्हणायच्या! तिच्या भिंतीवर मासिकांतून कापलेले बायकांचे फोटो आहेत. एक स्की करणारी, एक राजकारणातली, आणि एक तर चित्रातली, फार जुन्या काळातली संत, हातात कंगवा आणि पाण्याचं भांडं घेतलेली. ती गोरगरिबांची डोकी धुवायची म्हणे. सगळ्या स्वित्झर्लंडमधल्या आणि सगळ्यांचं नाव वेरेना.

"माझी आई वेरेना, आजी वेरेना," आजी म्हणाली. "तिघी एकाच घरात."

"अगं बाई! मग हाक मारली की कोण यायचं?"

"जिला भूक लागली असेल ती."

मला इतकं हसू आलं, की हातातला मग सांडला. आणि हसता हसता रडूच फुटलं. आजीने विचारलं, तेव्हा सांगून टाकलं.

मी माहेरची लता. आमच्या यांच्या, राजेशच्या, मोठ्या बहिणीचं नावही लता. एका घरात दोन लता नकोत, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'शैलजा' लिहिलं आणि मी शैलजा झाले. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. आता आई-बाबाही गेले. त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. येत्या रविवारी माझ्या मुलाच्या, निमिषच्या लेकीचं बारसं होतं. नाव अनया ठरलेलं. पण आपल्यात पाळण्यातलं नाव वेगळं ठेवतातच की! ते लता असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

"मग घरी सांग ना!" आजी खेकसली. "आजच सांग."

सांगितलं. हे सिंकपाशी कोथिंबीर निवडत होते.

"अहो, पाळण्यातलं नाव लता ठेवूया का?"

यांचा चेहरा काय खुलला! "अरे वा! मला कसं नाही सुचलं हे? ताईला किती आनंद होईल!"

म्हटलं, आता आठवेल, मग आठवेल. यांनी ओल्या हातानेच पुण्याला व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. माणूस वाईट नाही हो. विसरले, बस्स. पण तेच फार लागलं मला.

रविवारी रुहीने, माझ्या मुलीने, आत्या म्हणून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "आऊ! गाइज, सीरियसली?" ती ओरडत होती. आयपॅडवर पुण्याहून लताताई डोळे पुसत होत्या.

"शैलजा, माझं नाव ठेवलंस गं!"

"हो ताई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पाळण्याची दोरी हातात होती, ती हलवत राहिले.

पुढच्या खेपेला डोकं धुताना आजीला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही यांचा उद्धार करणार. पण तिने चक्क डोळे मिटून घेतले. मानही हलवली नाही. केसांतला साबण धुऊन काढला आणि कोरडा टॉवेल आणायला मी बाहेर आले. नवी नर्स रीमा पॅसेजमध्ये औषधांची गाडी ढकलत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"लता! टॉवेल आणतेस, की मी गारठून मरू?"

रीमा थांबली. माझ्या छातीवरच्या शैलजा लिहिलेल्या बिल्ल्याकडे तिने पाहिलं.

"मावशी, हू इज शी कॉलिंग?"

"मला," मी म्हटलं आणि टॉवेल घेऊन धावले.