दुसरा चुडा

“आता दुसरा चुडा द्या. ह्याच मापाचा,” कमलम्मा म्हणाल्या.

कासारणीनं महादेवीचा हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात सोडला आणि ओसरीवर नजर फिरवली. “दुसरी लेक कुटं हाय, अक्का? हात बगितल्याबिगर कसा भरायचा?”

“भरायचा न्हाय. नुसता बांधून द्या.”

महादेवीनं मान खाली घातली. बहात्तरच्या दुष्काळानं लांबलेलं तिचं लग्न उद्यावर आलं होतं. चंद्रव्वा आणि ती जुळ्या. सहाव्या वर्षी चंद्रव्वा मंद्रूपला आजोळी तापानं गेली. तेव्हापासून दर सणाला त्यांची आई कमलम्मा दोन झगे, पुढं दोन परकर, मग दोन साड्या घेत आल्या, एकाच मापाच्या. दुसरं कापड गल्लीतल्या कुणा पोरीच्या अंगावर जाई. शेजारणी आधी कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली.

महादेवीचे वडील, रुद्रप्पा सर, तोंडापुढं पेपर धरून बसले होते. सोलापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस वर्गात बोलायला लागला की तास संपल्याची घंटा त्याला ऐकू येत नसे, आणि घरात मात्र मिठाची गुळणी धरून बसे. चंद्रव्वाचं नाव तर त्यांनी पुन्हा उच्चारलंच नव्हतं. सापेक्षता शिकवताना सगळे जुळ्या भावंडांचं उदाहरण देतात; सर दोन घड्याळांवर भागवत.

आज पेपर खाली आला.

“लहान मापाच्या द्या,” ते कासारणीला म्हणाले. “चंद्रव्वा सहा वर्षांची हाय.”

कमलम्मांचा चेहरा कसनुसा झाला. “तुमच्यापाशी ती तेवढीच राहिली व्हय? मी तिला वाढवली. एकटीनं वाढवली. आज तिचं बी लगीन झालं असतं की! आन तुमी तिला परत झग्यात बसवता?”

सरांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग जे येत होतं तेच ते बोलू लागले. “जुळ्यातली एक लई वेगानं लांब गेली, तर तिचा काळ सावकाश चालतो. परत येते तवा ती लहान असते, घरातली मोठी झालेली असते. घड्याळ कुणाचंच बिघडलेलं नसतं. ज्याचा त्याचा काळ.”

“आन परत आलीच न्हाय तर?”

हाच प्रश्न वर्गात कुणी विचारू नये म्हणून सर इतकी वर्षं घड्याळांच्या आड लपले होते.

“मग लहान कोण, मोठी कोण, ह्याचा निवाडा होत न्हाय,” ते हळू म्हणाले. “हिच्याकडनं बगितलं तर तिचा काळ सावकाश, तिच्याकडनं बगितलं तर हिचा. दोन्ही खरं.”

“म्हंजे माझं बी खरं?”

“तुझं बी.”

लेक गेल्यापासून दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदाच रडली. महादेवी मनगटानं डोळे पुसू लागली आणि नव्या बांगड्या वाजत राहिल्या. कासारणीनं काही न विचारता दोन पुडे बांधले, एक मोठ्या मापाचा, एक लहान.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महादेवी सासरी गेली. मांडवात उरलेल्या अक्षता चिमण्या टिपत होत्या. कमलम्मा दोन्ही चुडे भिंतीतल्या देवळीत ठेवायला गेल्या, पण देवळी अरुंद. दोन्ही शेजारी शेजारी मावेनात.

सर उठले. त्यांनी लहान बांगड्या उचलल्या आणि मोठ्या बांगड्यांच्या आत अलगद ठेवल्या. कुठंही घासल्या नाहीत.

“बसल्या बगा,” कमलम्मा म्हणाल्या.